संघटनेच्या खात्यावर तिचीही सही

गाझियाबादच्या हिंडन हवाई तळावर नोकरीची शेवटची वर्षं काढून इथेच स्थिरावलेली मराठी घरं इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा, साहिबाबाद, राजनगर एक्स्टेन्शन या भागांत आढळतात. मुलांच्या शाळा इथे झाल्या, पुढे त्यांच्या नोकऱ्या दिल्ली-नोएडात लागल्या, दिल्लीची लष्करी रुग्णालयं हाताशी आली आणि गावी परतणं राहून गेलं. या शहराला सैनिक नवा नाही. मेजर मोहित शर्मा इथेच वाढले. २१ मार्च २००९ रोजी कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं आणि राजेंद्रनगरच्या मेट्रो स्थानकाला आज त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी स्वतः लष्करात अधिकारी होत्या. सैनिकाच्या घरातली बाई म्हणजे मागे उरलेली बाई, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असेल तर हे उदाहरण आधी आठवावं.

हा लेख अशा घरांतल्या बायकांसाठी आहे: माजी सैनिकांच्या पत्नी, वीरनारी (म्हणजे हुतात्म्यांच्या पत्नी), वीरमाता आणि स्वतः गणवेश घातलेल्या स्त्रिया. आणि तितकाच तो माजी सैनिक संघटना चालवणाऱ्या पुरुषांसाठी आहे. गाझियाबाद डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असलं, तरी यातलं बरंचसं सातारा, अहिल्यानगर किंवा बेळगावातही लागू पडेल.

संघटनेची बैठक कुठलीही घ्या. कोण आजारी आहे, कोणाची पेन्शन अडली आहे, कोणाच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं आहे, हे सगळं बायकांना ठाऊक असतं. दवाखान्यात डबा त्याच पोचवतात. पण अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, सैनिक बोर्डाच्या बैठकीला जाणारा प्रतिनिधी आणि बँकेच्या चेकवर सही करणारे, हे सगळे पुरुष. बायकांसाठी ‘महिला शाखा’ काढलेली असते आणि तिच्याकडे स्वागत, रांगोळी आणि सत्काराची शाल. आता एका साध्या गोष्टीचा विचार करा. बहुतेक घरांत नवरा वयाने मोठा असतो आणि आधी जातो. म्हणजे माजी सैनिक संघटनेकडे सर्वांत जास्त वर्षं काम घेऊन येणारी व्यक्ती ही विधवाच असते. जिच्या प्रश्नांवर संघटना उभी आहे, तिला निर्णयात जागा नसेल तर संघटना अर्धीच काम करते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायकांनी या क्षेत्रात नेतृत्व केल्याची उदाहरणं जुनी आणि भक्कम आहेत. १९७१च्या युद्धानंतर दिल्लीत व्ही. मोहिनी गिरी यांनी १९७२ मध्ये युद्धविधवांची संघटना, वॉर विडोज असोसिएशन, उभी केली. पुढे त्या राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. नवव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कमांडिंग ऑफिसर कर्नल वसंत वेणुगोपाल २००७ मध्ये उरीत धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी सुभाषिनी यांनी बंगळुरूत वसंतरत्न फाउंडेशन काढून वीरनारींसाठी काम सुरू केलं. आपल्याकडे पार्ल्याच्या अनुराधा गोरे यांचा मुलगा कॅप्टन विनायक गोरे १९९५ मध्ये काश्मीरमध्ये हुतात्मा झाला. त्यानंतर या वीरमातेने व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून सैनिकी जीवन घराघरांत पोचवलं. पुण्याच्या सुमेधा चिथडे शिक्षिका, पती योगेश हवाई दलातून निवृत्त. सियाचीनच्या पायथ्याशी जवानांसाठी ऑक्सिजन प्रकल्प हवा म्हणून त्यांनी आधी स्वतःचे दागिने विकले, मग समाजापुढे हात पसरला, आणि २०१९ मध्ये तो प्रकल्प उभा राहिला. चिथडे दांपत्याच्या कामातून संघटनांनी एक गोष्ट जरूर उचलावी. त्यांनी ‘सैनिकांसाठी काहीतरी’ अशी मोघम हाक दिली नाही. काय हवं, कुठे हवं आणि त्याला किती पैसे लागतील हे सांगून मदत मागितली. लोक नेमक्या कामाला पैसे देतात.

मग गाझियाबादेत बायकांच्या गटाने सुरुवात कुठून करायची? माझा सल्ला: कागदांपासून. गुणगौरव समारंभापासून नव्हे.

दहा-बारा घरं निवडा. प्रत्येक घरात नवरा हयात असतानाच, दोघांना एकत्र बसवून पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, बाहेर काढायला सांगा. त्यात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख काय लिहिली आहे ते पाहा आणि आधार, पॅन, बँक पासबुकाशी ताडून पाहा. मराठी घरांत इथे हमखास अडचण निघते. लग्नात नाव बदललेलं असतं. माहेरची सुनंदा सासरी वैशाली झालेली, सेवेच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं. त्यात आपली तीन पदरी नावं. उत्तरेकडच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव मधल्या रकान्यात जातं, आडनाव कधी गळतं, कधी दोनदा येतं. नवरा असेपर्यंत ही चूक कोणाला टोचत नाही. तो गेल्यावर मात्र याच एका अक्षरासाठी कौटुंबिक पेन्शन महिनोन्‌महिने अडते. दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे जातो आणि तिथून पुढे सुधारित पीपीओ निघतो. हवाई दलाच्या जवानांचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रोतो पार्कला आहे आणि माजी वायुसैनिकांचं संचालनालयही तिथेच. गाझियाबादकरांचं हे भाग्यच. साताऱ्याच्या बाईला ज्यासाठी टपालाची वाट पाहावी लागते, ते काम तुम्ही समक्ष जाऊन विचारू शकता. पण सत्तरीच्या बाईला दिल्लीपर्यंत एकटीला पाठवू नका. सोबत कोण जाणार हे बैठकीत ठरवा.

संरक्षण खात्याच्या पेन्शनचं काम आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत चालतं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि तो चुकला तर पेन्शन थांबते. बहुतेक घरांत ‘स्पर्श’चं खातं नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाईलवर असतं आणि पासवर्ड बाईला माहीत नसतो. तिला स्वतः खातं उघडून पाहायला शिकवा, तिच्या स्वतःच्या फोनवर, तिच्या स्वतःच्या बोटांनी. हे शिकवताना एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘तुमचा हयातीचा दाखला अपडेट करायचा आहे, ओटीपी सांगा’ असे फोन पेन्शनधारकांना येतात. असा फोन आला की कापायचा आणि गटातल्या ठरलेल्या बाईला कळवायचं.

कौटुंबिक पेन्शनचं गणितही तिला आधीच ठाऊक हवं. निवृत्तीनंतर पेन्शनधारकाचा मृत्यू झाला तर सर्वसाधारणपणे सात वर्षं, किंवा तो सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर वाढीव दराने पेन्शन मिळते. हा वाढीव दर शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांवर बांधलेला असतो. नंतर तो ३० टक्क्यांवर येतो. सेवेत असताना नेहमीच्या कारणाने मृत्यू झाला तर वाढीव दर दहा वर्षं मिळतो. सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू असेल तर ६० टक्क्यांची विशेष कौटुंबिक पेन्शन आणि युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना आलेल्या मृत्यूला १०० टक्क्यांची उदारीकृत पेन्शन असते. हे माहीत नसलं की एका महिन्यात खात्यात पैसे कमी येतात आणि बाईला वाटतं, कोणीतरी फसवलं. त्याच धक्क्यात ती एजंटाला गाठते. वाढीव दर कोणत्या महिन्यात संपणार, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. घरात अपंग अपत्य असेल, किंवा घटस्फोटित वा विधवा मुलगी आईवडिलांवर अवलंबून असेल, तर त्यांचाही हक्क ठराविक अटींवर असतो. त्यांची नावं नोंदीत हयातीतच घालून घ्यावीत.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला अवघड पण फार गरजेची. पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या खात्यात जमा झालेली पेन्शन काढू नये. घरच्यांनी, बहुधा अजाणता, एटीएममधून ती काढली की पुढे बाईच्या पेन्शनमधून वसुली होते. मृत्यू लगेच कळवावा.

उपचारांसाठी माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, २००३ मध्ये सुरू झाली. कौटुंबिक पेन्शन घेणारी पत्नी तिची हक्काची लाभार्थी आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल आणि मग यादीतलं रुग्णालय, हा क्रम. हिंडनला पॉलिक्लिनिक आहे. तातडीच्या वेळी थेट रुग्णालयात जाता येतं, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायला हवं. रात्री दोन वाजता नवऱ्याच्या छातीत दुखू लागल्यावर हा नियम शोधत बसता येत नाही. म्हणून परिसरातली यादीतली रुग्णालयं आणि पॉलिक्लिनिकचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घराच्या फ्रिजवर चिकटवा. गटाचं पहिलं काम एवढंच झालं तरी ते मोठं आहे.

आता आर्थिक मदत. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी विशेष उपयोगी आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी रकमा दुप्पट झाल्या आहेत. पेन्शन नसलेल्या, पासष्टीपुढच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिना ८,००० रुपये, शिक्षणासाठी दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,००० रुपये आणि मुलीच्या लग्नासाठी एक लाख. हीच लग्नाची मदत विधवेच्या पुनर्विवाहालाही आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवेलाही शिक्षणाची मदत मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी आणि वीरनारींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीतून महिना ३,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा सैनिक बोर्डामार्फत जातात, ज्याला उत्तर प्रदेशात जिल्हा सैनिक कल्याण आणि पुनर्वास कार्यालय म्हणतात. मराठी कुटुंबांची इथे एक गाठ असते: नोंदणी गावाकडच्या जिल्ह्यात आणि घर गाझियाबादेत. नोंदणी नेमकी कुठे आहे, ती इकडे आणायची की तिकडेच ठेवायची, हे एकदा शांतपणे ठरवा. राज्य सरकारच्या सवलती अधिवासाशी जोडलेल्या असतात आणि महाराष्ट्रातल्या सवलती हातच्या सोडण्याआधी नीट विचार करावा.

जमिनीचा वाद, सासरच्यांशी तंटा किंवा अडकलेली पेन्शन यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. तिच्यात सैनिक बोर्डांमध्ये मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं चालवण्याची तरतूद आहे. वकिलाला फी देण्याआधी तिथे विचारा.

कागद सांभाळणं शिकवता येतं. शोकात असलेल्या घरी जाणं त्याहून अवघड आहे आणि बायकांच्या नेतृत्वाचा खरा कस तिथे लागतो. पहिल्या दिवसांत दोघींनीच जावं, आणि पुढेही त्याच दोघींनी. दर वेळी नवी माणसं आली की त्या बाईला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. तेराव्यापर्यंत मृत्यूचा दाखला आणि घरातली रोजची गरज, एवढंच पाहावं. फोटो काढू नयेत. वर्तमानपत्रवाले, पुढारी, शाल-श्रीफळवाले दारात आले तर ‘आज नको’ म्हणण्याचं काम गटाने आपल्याकडे घ्यावं, कारण त्या घरातल्या कोणाला ते म्हणता येत नाही.

वीरनारी आणि वीरमाता यांच्यात पैशांवरून कडवटपणा येतो, हे आपण उघडपणे बोलत नाही. माणूस दोघींचाही गेलेला असतो. गटाने न्यायाधीश होऊ नये. सुनेकडे एक जोडी जाईल, सासूकडे दुसरी, आणि एकीचं बोलणं दुसरीकडे जाणार नाही, हा नियम ठेवा. पुनर्विवाहाच्या बाबतीतही असंच. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या विधवेने दुसरं लग्न केलं तर भत्ता चालू राहण्यासाठी ते दिराशीच झालेलं असावं, अशी अट कितीतरी वर्षं होती. २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली. कुठल्याही सासरच्या माणसाने जुनी अट दाखवून मुलीला अडवलं, तर गटातल्या बायकांनी हे ठामपणे सांगायला हवं. पेन्शनच्या बाबतीत मात्र पुनर्विवाहाचे नियम प्रकारानुसार वेगळे आहेत, ते आधी लेखी विचारून घ्यावेत.

लष्करात पुढे जाऊ इच्छिणाऱ्या तरुण वीरनारीला तोही रस्ता दाखवा. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट म्हणून बाहेर पडल्या. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली होती. मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये आणि मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अधिकारी झाल्या. प्रत्येकीला हा मार्ग पेलेल असं नाही आणि तशी अपेक्षाही कोणावर लादू नये. पण तो आहे हे वेळेत कळायला हवं, कारण वय थांबत नाही.

आता स्वतः माजी सैनिक असलेल्या स्त्रियांविषयी. वैद्यकीय आणि नर्सिंग सेवेबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घेणं १९९२ पासून सुरू झालं आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करात त्यांना कायम कमिशनचा हक्क मान्य केला. पहिल्या तुकड्यांतल्या कितीतरी जणी आज निवृत्त आहेत. कॅन्टीनच्या रांगेत किंवा पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर त्यांना ‘साहेब कुठे आहेत?’ असं विचारलं जातं. या बायकांना महिला शाखेत बसवू नका. त्या मूळ सभासद आहेत. वर्षानुवर्षं माणसं आणि हिशेब सांभाळलेली स्क्वाड्रन लीडर सचिवपदाला अगदी योग्य असते. अग्निवीरांची पहिली तुकडीही २०२६च्या अखेरीपासून चार वर्षं पुरी करून बाहेर पडू लागेल आणि त्यांच्यात मुलीही आहेत. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. त्यांना गटात घ्यायचं की नाही हे ठरवायची वेळ आली आहे, आणि माझं म्हणणं आहे, घ्यायचं.

मुलींचं नाव निघालं म्हणून महाराष्ट्राच्या शेजारच्या राज्यातली एक गोष्ट. कर्नाटक उच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला की, माजी सैनिकाच्या मुलीचं लग्न झालं या एकाच कारणाने तिला आश्रिताचं ओळखपत्र नाकारता येणार नाही. तो निकाल कर्नाटकातला आहे, पण गाझियाबादेत किंवा कोल्हापुरात अर्ज करताना त्याची प्रत जोडायला काय हरकत आहे?

गट नोंदवायचा असेल तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि उत्तर प्रदेशात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पण नोंदणीची घाई नको. आधी वर्षभर काम करा. आधीच एखादी संघटना असेल तर नवी काढण्यापेक्षा तिची घटना उघडून वाचा. वीरनारीला पूर्ण सभासदत्व आहे की ‘सहयोगी’? तिला मताचा अधिकार आहे का? नसेल तर पुढच्या वार्षिक सभेत दुरुस्तीचा ठराव मांडा, तोही एका वीरनारीने. चेकवरच्या दोन सह्यांपैकी एक बाईची असावी. देणग्या रोख घेऊ नयेत. बैठक दुपारी घ्यावी, मेट्रोजवळ, आणि दोन तासांत संपवावी.

मराठी मंडळांना माझी एक विनंती आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू दिल्ली परिसरातही उत्साहाने होतं आणि वीरनारीला बोलावणं जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. घरोघरी जवान म्हणून नाव कमावलेली सैनिक टाकळी त्याच तालुक्यात आहे. हेरवाडसारख्या गावाला जे जमलं, ते शहरातल्या शिकलेल्या मंडळाला जमत नाही असं म्हणता येणार नाही.

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनो, येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन ओळी घाला: वीरनारींना मताधिकार, खात्यावर एका स्त्रीची सही आणि दहा घरांचे पीपीओ तपासण्यासाठी दोघींची नेमणूक. आणि वाचक बाई, तुमच्या घरातला पीपीओ आज रात्री कपाटातून बाहेर काढा आणि त्यावरचं तुमचं नाव आधारशी जुळवून पाहा.